फिशटँकसाठी घरी केलेली डिमवाली एलईडी लाईट, आठ महिने वापरल्यावर

दसऱ्याला चालू केलेली लाईट आहे, आता मिरग लागला, म्हणजे आठ महिने झाले. मधे सोलापूरचा आख्खा उन्हाळा काढलाय तिनं म्हणून आत्ता लिहितोय, नवी असताना लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं सांगितलं असतं.

टाकी 3 फुटी आहे, 36 बाय 15 बाय 18 इंच, काठोकाठ 159 लिटर, वाळू-दगड धरून पाणी 140 च्या आसपास. आत गप्पी, कोरी (तळाशी वाळूत चरणारे छोटे मासे), आणि झाडं म्हणजे व्हॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलेंडर वगैरे काही नाही.

कारण असं झालं की आमचा दादा मागाच्या कारखान्यात आहे, दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी येतो आणि जेवायच्या आधी टाकीची लाईट लावून पाच मिनिटं शांत बसतो. पण खटकन लाईट लागली की मासे घाबरून काचेवर दगडावर आपटायचे. माशांना पापण्या नसतात ना, डोळे मिटून घ्यायची सोयच नाही त्यांना. एक कोरी अशीच आपटली, तोंडाला जखम झाली आणि चौथ्या दिवशी गेली. दादाला नको कसं म्हणणार, दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा असतो माणूस, त्याला तेवढाच विसावा. म्हणून ठरवलं की उजेडच हळू चढला पाहिजे.

सामान सांगतो. 12 व्होल्टची 5050 एलईडी पट्टी, मीटरला 60 एलईडीवाली, 85 सेंटीमीटरच्या 4 ओळी. तीन ओळी 6500 केल्विन म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, एक वॉर्म म्हणजे पिवळसर. मीटरला 14.4 वॅट धरले तर सगळे मिळून 49 वॅट, म्हणजे 4 अँपियरच्या थोडं वर. मी आधी 5 अँपियरचा एसएमपीएस (घरच्या लाईनचे 12 व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) आणला, हिशोबात बसत होता पण हात लावला की चटका, शेवटी 10 अँपियरचा घेतला तो आजपर्यंत कोमट सुद्धा झालेला नाही. पट्ट्या चिकटवायला खिडक्यांची कामं करणाऱ्याकडनं अॅल्युमिनियमचे उरलेले तुकडे आणले. अॅल्युमिनियमला कंजुषी करू नका, एलईडी मरते ती उष्णतेनं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते. प्रत्येक ओळीला वेगळी वायर द्या, एकापुढे एक जोडत गेलं की शेवटची ओळ मंद पडते.

डोकं म्हणजे आर्डुइनो नॅनो, प्रोग्राम टाकता येणारं छोटं सर्किट बोर्ड, आणि वेळेसाठी डीएस 3231 चं घड्याळाचं मॉड्यूल. मॉसफेट, म्हणजे नॅनोच्या इशाऱ्यावर पट्टीचा करंट चालू-बंद करणारा स्विच, मात्र नीट बघून घ्या. दुकानात आयआरएफ 540 हातात दिला, लावला, पाच मिनिटांत बोट ठेवता येईना. त्याच्या गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, 10 व्होल्ट लागतात आणि नॅनो देतो 5, त्यामुळे तो अर्धवटच उघडतो आणि तापत बसतो. आयआरएलझेड 44 एन घ्या, तो 5 व्होल्टला नीट उघडतो, 4 अँपियरला अर्धा वॅटसुद्धा जळत नाही त्याच्यात, हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) लागत नाही. मी दोन लावलेत, एक पांढऱ्याला एक वॉर्मला. गेट आणि ग्राउंडमधे 10 के म्हणजे 10 हजार ओहमचा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर नॅनो चालू होताना लाईट क्षणभर भप्पकन लागते आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत होतं.

घड्याळाच्या मॉड्यूलमधे एक गोष्ट आहे, त्याच्यावर चार्जिंगचं सर्किट असतं आणि आपण टाकतो साधा सीआर 2032 सेल, जो चार्ज करायचा नसतोच. ते चार्जिंगचं रेझिस्टर मी कावियानं काढून टाकलं. आठ महिन्यांत मिनिटाचाही फरक नाही, लाईट किती का जाईना.

लाईट जाण्यावरनं आठवलं. पहिल्या प्रोग्राममधे लाईट परत आली की टाकी डायरेक्ट दुपारच्या उजेडावर जायची. आता नॅनो चालू झाला की शून्यापासून पाच मिनिटांत चढतो, मग वेळ कुठलीही असो. आणि नॅनोच्या उजेड कमी-जास्त करायच्या नेहमीच्या 0 ते 255 च्या पायऱ्या पहाटेसाठी कमी पडतात, खालच्या पायऱ्यांना उजेड चक्क उड्या मारताना दिसतो, कारण डोळ्याला मंद उजेडातला फरक जास्त कळतो. नॅनोच्या पिन 9 आणि 10 चा टायमर 16 बिटी आहे, म्हणजे त्यात पायऱ्या कितीतरी जास्त मिळतात, तो वापरला आणि उजेड वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं चढवला, म्हणजे सुरुवातीला अगदी मुंगीच्या पावलानं. आता 40 मिनिटं चढायला, 40 उतरायला, आधी वॉर्म मग पांढरी.

मासे काय करतात ते बघण्यासारखं आहे. दगडाखालनं एकेक कोरी बाहेर येते, गप्पी वर येऊन दाणा मागायला लागतात, कुणीही दचकत नाही. रात्री 9 नंतर वॉर्म ओळ 1 टक्क्यावर ठेवलीय एक वाजेपर्यंत. दादा येतो तेव्हा कोरी वाळू उकरत असतात, बटणाला हातच लावावा लागत नाही. आई म्हणती, पहिल्यापासनं असंच करायचं होतंस.

शेवाळाचं पण सांगायला पाहिजे. सुरुवातीला हौसेनं फुल उजेड 10 तास ठेवला, तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांवर हिरवे केस. मग 8 तास आणि 60 टक्के केलं, पाणी बदलायचं वाढवलं, दीड महिन्यात पानं साफ. व्हॅलिसनेरिया तर मागच्या काचेला भिडून वरनं आडवी पसरलीय. म्हणजे 49 वॅट कधी लागलेच नाहीत, पण कमीवर चालवल्यामुळं पट्टी थंड राहिली ते बरंच झालं. मे मधे पाणी 32 अंशाला गेलं होतं, तेव्हा दुपारची लाईट बंद करून 3 ते 9 एवढीच ठेवली आणि पाण्यावर छोटा पंखा लावला, दोनेक अंश उतरतं त्यानं. मात्र पाणी भराभर आटतं, आणि आमच्याकडे नळ काही दिवसांआड, त्यामुळे एक बॅरल माशांसाठी वेगळंच भरून ठेवावं लागलं. क्षाराचे शिंतोडे वरच्या काचेवर बसतात, लिंबू फिरवून दर आठवड्याला पुसा, नाहीतर उजेड कमी झाल्याचं खापर डिमरवर फुटतं.

एक मोठी चूक. वायरचे जोड मी टाकीच्याच सिलिकॉननं बंद केले, व्हिनेगरसारखा वास येतो ते. त्यातनं सुटणारं अॅसिड तांबं खातं, तीन महिन्यांत एक ओळ मिणमिणायला लागली, उकललं तर जोड हिरवागार. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, तेच जोडाला वापरा. 230 व्होल्टचं सगळं टाकीच्या बाजूला, वर कधीच नाही, आणि वायरला खाली एक वाकण द्या म्हणजे थेंब प्लगपर्यंत जाणार नाही.

खर्च साधारण 2500, त्यात 5 अँपियरचा वाया गेलेला एसएमपीएस धरलाय. मधली पांढरी ओळ सिलिकॉनचा थर असलेली होती, ती उन्हाळ्यात पिवळट पडलीय, बाकी दोन साध्या पट्ट्या अजून स्वच्छ. ती दिवाळीत बदलणार, साधी पट्टी आणि वरनं पॉलिकार्बोनेटचं झाकण.