प्रीमियम तत्काळ सांगून साधं तिकीट तिप्पट दराने विकलं

गणपतीला कुडाळला जायचं म्हणून जूनअखेरीस आम्हा चौघांची नावं-वयं मी डोंबिवलीतल्या एका दुकानदाराकडे दिली. तो मोबाइल रिचार्ज करतो, रेल्वेची तिकिटंही काढून देतो. दोन दिवसांनी म्हणाला, "ताई, बुकिंग उघडल्या उघडल्या वेटिंग लागलं. आता आदल्या दिवशी प्रीमियम तत्काळच काढू. त्याचा दर चढत जातो, आत्ता सांगता येत नाही."

मला ते पटलं, कारण दर खरंच चढतो. एकाच डब्यात शेजारी बसलेल्यांचं साधं, तत्काळ आणि प्रीमियम तत्काळ असं तीन भावांचं तिकीट असतं. त्यातला आपला भाव कुठला, हे कळायचं कसं?

आदल्या दिवशी त्याने ४,८०० रुपये घेतले. वर "आजींची ज्येष्ठ नागरिक सवलत धरून सांगतोय" म्हणाला. व्हॉट्सॲपवर पीएनआर, म्हणजे तिकिटाचा दहा अंकी नंबर, आणि तिकिटाचा फोटो आला. नावं, डबा, बर्थ सगळं बरोबर, पण वरचा नि खालचा भाग कापलेला. सणाच्या तोंडावर कन्फर्म तिकीट हातात आलं, या आनंदात मी काही विचारलंच नाही.

गाडीत समोरच्या बर्थवरच्या मुलीने आमचा पीएनआर रेल्वेच्या साइटवर टाकून दाखवला. कोटा 'जीएन', म्हणजे साधा. चौघांचं भाडं सोळाशेच्या आसपास! साधं कन्फर्म तिकीट गणपतीच्या आदल्या दिवशी मिळतच नाही. म्हणजे त्याने ते जूनमध्येच काढून दोन महिने दाबून ठेवलं होतं. आणि ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंद आहे. सासूबाई रात्रभर "माझ्यामुळे खर्च वाढला का गं?" विचारत होत्या. ते मला फार लागलं.

परत आल्यावर भांडून पूर्ण तिकीट मागितलं. खाली छापलं होतं, की हे वैयक्तिक आयडीवर काढलेलं असून त्याची खरेदी-विक्री रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. नेमकं तेच कापलेलं. अधिकृत एजंटला भाड्यावर स्वतःचं शुल्क म्हणून स्लीपरच्या तिकिटामागे २० आणि एसीच्या ४० रुपये, अधिक कर, एवढंच घेता येतं. फोटो घेऊ नका, अख्खं तिकीट मागा, आणि पैसे देण्याआधी पीएनआर टाकून कोटा नि भाडं बघा.

त्याने दोन हजार परत दिले आहेत. बाकीच्यासाठी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.