गोदामातील न दिसणारे कॅमेरे: ऑक्टोबर ते जून

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचे चादरी आणि टॉवेलचे लहानसे गोदाम आहे. दारावरच्या जुन्या कॅमेऱ्याचे तोंड भिंतीकडे वळवून कोणीतरी दोन गठ्ठे पळवले, तेव्हा सहज नजरेस न पडणारे दोन कॅमेरे ऑक्टोबरात घेतले. एक भिंतीवरच्या घड्याळात बसवलेला, बॅटरीवर चालणारा, पीआयआर सेन्सरचा, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा. दुसरा मोबाईलच्या चार्जरसारखा दिसणारा, विजेवर चालणारा आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून हालचाल ओळखणारा.

थंडीत घड्याळाने चोख काम केले. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गोदाम बंद होते, तेव्हा एकही खोटी सूचना आली नाही. खरी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू झाली. पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतील तफावत टिपतो. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखालच्या भिंती अंगाइतक्याच तापतात, तेव्हा टिपायला फारसे काही उरतच नाही. दुपारी तीन वाजता मी स्वतः घड्याळाच्या दिशेने सरळ चालत गेलो, तरी नोंद झाली नाही. आडवा गेलो, तेव्हा झाली. हा सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडवे जाणाऱ्याला लवकर ओळखतो, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेले होते, ते मी सहा महिन्यांनी वाचले. घड्याळ दारासमोरून काढून बाजूच्या भिंतीवर लावल्यावर निदान रात्रीच्या नोंदी पुन्हा नीट येऊ लागल्या. (माझ्या मेहुण्यांनी असाच कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवला होता; साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे त्यांना महिनाभर काहीच मिळाले नाही.)

चार्जरवाल्याला उष्णतेशी देणेघेणे नाही. त्याचे दुखणे वेगळे. शेजारी यंत्रमाग असल्याने कापसाचे तंतू हवेत सतत तरंगतात आणि रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिव्यांच्या उजेडात ते पांढऱ्या रेघांसारखे दिसतात. एका रात्रीत साठ-सत्तर सूचना आल्या. संवेदनशीलता कमी केली, फक्त दाराचा भाग निवडला, दर रविवारी भिंग कोरड्या कापडाने पुसू लागलो, तेव्हा त्या पाच-सहांवर आल्या. वीज गेली की मात्र तो आणि राऊटर दोघेही बंद पडतात. घड्याळ आपल्या ६४ जीबीच्या कार्डावर नोंद ठेवत राहते. त्याची बॅटरी मी घरी नेऊन चार्ज करतो, कारण तापलेल्या पत्र्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे मला धोक्याचे वाटते.

कामगारांना कॅमेरे आहेत हे पहिल्याच दिवशी सांगितले आणि दारावर तशी पाटीही लावली. बायका डबा खातात तो कोपरा मुद्दाम वगळला आहे.

पुढच्या महिन्यात आणखी एक कॅमेरा घेणार आहे. या वेळी दुकानदाराला आधी विचारणार की रात्रीचे अवरक्त दिवे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत ना, कारण ८५० चे दिवे अंधारात मंद लाल दिसतात आणि मग घड्याळाच्या सोंगाला काही अर्थ राहत नाही.