इम्प्लांट की पोटाचा फ्लॅप? स्तन पुनर्रचनेचा निकाल पाच वर्षांनी बघा

कॅन्सरमुळे काढलेल्या स्तनाच्या जागी नवा स्तन घडवणं म्हणजे स्तन पुनर्रचना. हॉस्पिटलमधून घरी सोडताना काढलेल्या फोटोवरून तिची पारख होत नाही. सिलिकॉन इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेली कृत्रिम पिशवी, पहिल्या वर्षी देखणं असतं आणि पुढे कुरकुरायला लागतं. फ्लॅप, म्हणजे पोटाच्या त्वचा-चरबीपासून घडवलेला स्तन, आधी सुजलेला, टणक वाटतो, मग हळूहळू मऊ पडून अंगाचाच होऊन जातो. दोन्हींची तुलना म्हणूनच लांबच्या मुदतीवर करायला हवी.

इम्प्लांटचं काम बहुतेकदा दोन टप्प्यांत होतं. स्तन काढताना त्वचेखाली किंवा छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर, म्हणजे फुगवता येणारी पिशवी ठेवतात. जखम भरली की दोन-तीन आठवड्यांनी ओपीडीत सुईने सलाइन भरणं सुरू होतं, दर खेपेला साधारण 50 ते 100 मिली. त्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, साध्या वेदनाशामक गोळीवर भागतं. पुरेसा ताण आला की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढून इम्प्लांट बसवतात. बऱ्याच एक्स्पांडरच्या झडपेत लोहचुंबक असतं, त्यामुळे मधल्या काळात कुणी एमआरआय सांगितला तर आधी सर्जनला विचारा.

आता उणी बाजू. परक्या वस्तूभोवती शरीर पातळ आवरण विणतं. ते आकसलं की स्तन कडक होतो, वर सरकतो, शेवटी दुखतो. डॉक्टर त्याला बेकर ग्रेड, म्हणजे कडकपणाची पायरी, 1 ते 4 लावतात; 3 किंवा 4 म्हणजे बहुधा पुन्हा टेबलावर. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर कणीक मळताना, कपडे पिळताना स्तन एका बाजूला ओढला जाताना स्पष्ट दिसतो. दुसरा स्तन वयाबरोबर उतरतो, वजनाबरोबर बदलतो. हा मात्र तिथेच. शिंप्याला दोन्ही बाजूंची मापं वेगळी घ्यावी लागतात ती यामुळे. शिवाय ही जन्मभराची वस्तू नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2020 मध्ये सुचवलं, की त्रास नसला तरी 5-6 वर्षांनी पहिली आणि मग दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून सिलिकॉन इम्प्लांट फाटलं नाही ना हे बघावं. खडबडीत पृष्ठभागाची अ‍ॅलर्गनची बायोसेल इम्प्लांट्स 2019 मध्ये जगभरातून परत मागवली गेली, कारण त्यांच्याभोवती एक दुर्मिळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) आढळला. काही त्रास नसेल तर ती काढायला सांगितलेलं नाही. पण काही वर्षांनी त्या बाजूला अचानक सूज किंवा पाणी भरलं तर अंगावर काढू नका.

पोटाचा फ्लॅप (डॉक्टर ‘डीआयईपी’ म्हणतात) मोठं प्रकरण आहे. आधी सीटी अँजिओग्राफीत पोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात. मग बेंबीखालची त्वचा आणि चरबी रक्तवाहिनीसकट उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलीमीटर जाडीच्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना शिवतात. एका बाजूला सहा-आठ तास सहज जातात. पहिले 24 तास दर तासाला फ्लॅपचा रंग, ऊब आणि डॉपलरचा (रक्तप्रवाह ऐकायच्या यंत्राचा) आवाज तपासतात. निळसर पडला तर शीर तुंबली, पांढरा आणि गार पडला तर धमनी. वेळेत पुन्हा उघडला तर बरेचदा वाचतो. आमच्या मते हॉस्पिटल निवडताना सर्वांत कामाचा प्रश्न हाच: रात्री दोन वाजता फ्लॅप निळा पडला तर ऑपरेशन थिएटर कोण उघडणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा.

घरी आल्यावर आठवडाभर कमरेत वाकून चालावं लागतं आणि सहा आठवडे पाण्याची कळशीही उचलायची नाही. काहींना पोटावर फुगवटा राहतो. फ्लॅपमधली थोडी चरबी मेली तर कडक गाठ बनते आणि कॅन्सर परतला की काय म्हणून घरभर घबराट होते. सोनोग्राफीने, गरज पडली तर सुईच्या तपासणीने खात्री होते. सिझेरियनचा व्रण सहसा आड येत नाही. आधी टमी टक (पोटाची जादा त्वचा-चरबी काढायचं ऑपरेशन) झालं असेल तर मात्र हा मार्ग बंद, आणि अंगाने अगदी बारीक बाईला पोट पुरत नाही. मग पाठीच्या स्नायूचा विचार होतो.

अमेरिका-कॅनडातल्या 11 केंद्रांतल्या 2,343 स्त्रियांच्या अभ्यासात दोन वर्षांत सुमारे 33 टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली, 19 टक्क्यांना त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागलं. फ्लॅपवाल्यांमध्ये गुंतागुंत जास्त होती, तरी आपल्या स्तनाबद्दल समाधानी त्याच अधिक होत्या.

पारडं खरं फिरवतं ते रेडिएशन. त्याने इम्प्लांटचं आवरण आकसण्याचा, जंतुसंसर्गाचा आणि इम्प्लांट काढावं लागण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे बऱ्याच जणी गाठ मोठी झाल्यावर येतात, म्हणजे रेडिएशन ठरलेलंच. अशा वेळी ‘एकाच ऑपरेशनमध्ये सगळं उरकून टाकू’ हा आग्रह महागात पडू शकतो. रेडिएशननंतर निदान सहा महिने थांबून फ्लॅप करणं आम्हाला अधिक शहाणपणाचं वाटतं.

मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी ऑपरेशनआधी चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने वाहिन्या आकसतात आणि त्वचा काळी पडते. मिश्रीला बायका व्यसनात धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा. दोन्ही प्रकारांत स्तन बराचसा बधिर राहतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचं कळतसुद्धा नाही.

खर्चाचं: ‘ही कॉस्मेटिक सर्जरी आहे’ म्हणून विमा कंपनीने क्लेम नाकारला तर पॉलिसीतलं एक्सक्लूजन 08, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांचं ते कलम, काढून वाचा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाच्या) ठरलेल्या मजकुरात कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. सर्जनकडून ‘मॅस्टेक्टॉमीनंतरची पुनर्रचना’ (म्हणजे स्तन काढल्यानंतरची) असं लेखी घ्या, आणि इम्प्लांट असेल तर त्याच्या सीरियल नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावूनच बिल भरा.