नकाशावरची नावं: कड द्यावी की रेघा खोडाव्यात?

सात बेटांची मुंबई एखादं काल्पनिक राज्य म्हणून हाताने काढल्यासारखी रंगवायची, तर टेकड्यांच्या रेघोट्यांत नावं हरवतात. मग एक तर अक्षरांना कड द्या, म्हणजे मागच्या रेघा झाकणारी रंगाची पट्टी अक्षरांभोवती काढा, नाहीतर नावाखालच्या रेघा खोडा. कड झटपट होते, नाव हलवलं तरी सोबत येते. फक्त ती कागदाच्याच रंगाची हवी. पांढरीशुभ्र आणि जाड झाली की नाव स्टिकरसारखं चिकटवलेलं दिसतं.

मला खोडणंच पटतं, वेळखाऊ असलं तरी. देवनागरीला वर-खाली ऐसपैस जागा लागते: ‘वरळी’ची वेलांटी वर, ‘कुलाबा’चा उकार खाली, आणि शिरोरेघ खाडीच्या रेघेत मिसळली की संपलंच! किनारा मात्र खोडू नका, बेटाचा आकारच जातो. तिथलं नाव सरळ समुद्रात लिहा.