उपग्रहावरून उसाचं टनेज सांगणारं ॲप : नकाशा घ्या, आकडा घेऊ नका

वाळवा तालुक्यात ऊस आहे माझा, आडसाली (जुलै-ऑगस्टातली लागण) आणि थोडा खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला). गेल्या सीझनला एक पेड ॲप घेतलं होतं, प्लॉटची हद्द आखून दिली की उपग्रहावरून पिकाची तब्येत आणि एकरी किती टन पडणार ते सांगतंय. ५ पैकी ३ स्टार, आणि ते तिन्ही नकाशासाठी.

नकाशा खरंच कामाचा आहे. आडसालीत ओढ्याकडच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसायला लागला, बांधावरून बघितलं तर सगळं हिरवंगार, म्हणून आत शिरलो तर उसाची बेटं वाळायला लागलेली, एक हलवलं तर उपटूनच हातात आलं आणि मुळात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. तेवढ्याच पट्ट्यात लगेच औषधाची आळवणी केली, बाकीचा प्लॉट वाचला. बारा-पंधरा फुटाच्या उसात आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही हो, तिथं हे लय उपयोगी पडतंय.

पण टनेज? एकरी आकडा दिला त्यात आणि कारखान्याच्या काट्यावरच्या वजनात बराच फरक निघाला, आणि कारण बघितलं तर साधं आहे. ॲप ज्याचे फोटो वापरतं तो युरोपचा सेंटिनल-२ उपग्रह बघतो पान, आपल्याला पैसे मिळतात कांडीचे. हिरवं पान लाल उजेड शोषतं आणि निअर इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा उजेड) परत फेकतं, त्यावरून एनडीव्हीआय म्हणजे हिरवेपणाचा आकडा काढतात, पण ऊस एकदा दाटला की तो आकडा वरच अडकून बसतो, मग भारी प्लॉट आणि मध्यम प्लॉट सारखेच हिरवे दिसतात. लोळलेला ऊस तर अजून वेगळं दाखवतो.

दुसरं म्हणजे त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वाटण्या होऊन पट्ट्या झालेल्या रानात बांधालगतचे ठिपके निम्मे शेजाऱ्याचे असतात, बांधावर झाडं असली तर तीही त्यात धरली जातात.

आणि माझा खरा राग पावसाळ्याचा. उपग्रह ५ दिवसाला येतो पण जुलै-ऑगस्टात वर ढगच, तरी ॲपमध्ये नकाशा ताजा म्हणून दिसत होता, तारीख उघडून बघितली तर जुनाच फोटो. हे चुकीचं आहे, त्यावर शेतकरी खताचा निर्णय घेतो. पीक विम्यात २०२३ पासून भात-गव्हाला असा उपग्रहावरचा उत्पादनाचा अंदाज धरायला लागलेत, पण तिथं अख्ख्या गावाची सरासरी असते, एका प्लॉटला तसा भरवसा देता येत नाही.

घ्यायचंच असेल तर आधी कोपर्निकस ब्राउझर या सेंटिनलचे फोटो दाखवणाऱ्या वेबसाइटवर आपलं रान फुकट बघून घ्या, फोटो तेच आहेत. मग कंपनीवाल्याला विचारा की ढगात सेंटिनल-१ उपग्रहाचं ढगातून बघणारं रडार वापरता का, प्रत्येक नकाशावर फोटोची तारीख टाकता का, आणि आपल्या भागातल्या किती प्लॉटचं वजन काट्यावर ताडून बघितलंय. शेवटच्याला गोलगोल उत्तर आलं तर पैसे भरू नका.