होमस्टेची जाहिरात करून देणारी सेवा: गिऱ्हाईक बरोबर, माणसं चुकीची

तळकोकणातल्या एका जाहिरात-सेवेबद्दल. होमस्टे, खानावळी, आंबा-काजूवाले यांना तीस सेकंदांचा व्हिडिओ करून द्यायचा आणि तो फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालवायचा, हे त्यांचं काम.

चालवण्याचं काम चोख आहे. सगळा महाराष्ट्र निवडून पैसे उधळत नाहीत. लालबाग, डोंबिवली, विरार, पिंपरी-चिंचवड इथे पिन टाकून पाच-सात किलोमीटरचं वर्तुळ घेतात. भाषेच्या रकान्यात 'मराठी'वर खूण करत नाहीत, कारण कित्येक मराठी माणसांचा फोन इंग्रजीतच असतो आणि ते गिऱ्हाईक तिथेच गळतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून गणपतीची जाहिरात त्याच्या आधीच सुरू होते. गिऱ्हाईक निवडायचे धर्म-वंशाशी जोडलेले तपशीलवार पर्याय मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) जानेवारी २०२२ पासून काढायला घेतले. त्यामुळे जाहिरात कोणाला आपली वाटणार, हे आता चित्र आणि बोलीवर जास्तच ठरतं.

आणि घोळ नेमका तिथेच आहे.

मालवण-देवगडच्या व्हिडिओतही लाल टोपी, कमरेला रुमाल आणि कोळीगीताचा ठेका. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारा मोठा समाज गाबित आहे. हा वेश त्यांचा नाही. कारण साधं आहे: शाळांच्या गॅदरिंगमुळे कोळीनृत्याचे कपडे भाड्याने कुठेही मिळतात, आणि सिनेमाने 'मच्छीमार म्हणजे एवढंच' हे डोळ्यांत बसवलंय. खरं तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं बनियन-हाफपँटवर असतात आणि ते दृश्य कितीतरी जिवंत आहे. एका व्हिडिओत तर केरळची हाऊसबोट शिरली आहे. आपल्याकडची छोटी होडी बाजूच्या उलांडीवरून (तोल सांभाळणारा, बाजूला तरंगणारा ओंडका) लगेच ओळखता येते. तयार क्लिप विकत घेणाऱ्याला ती दिसतच नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासेमारीत मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. रत्नागिरीच्या व्हिडिओत त्यांच्यातला एकही चेहरा नाही.

बोलीचं त्याहून वाईट. घरमालक आणि त्याची मुलगी प्रमाण मराठी बोलतात, मालवणी फक्त गड्याच्या तोंडी, तीही हशा पिकवायला. डोंबिवलीतला चाकरमानी घरात आईशी हीच बोली बोलतो. त्याच्याकडून बुकिंग हवं आणि त्याच्याच बोलीला हसायचं, हे चीड आणणारं आहे. दापोली-गुहागरच्या जाहिरातींनाही तोच मालवणी आवाज चिकटवलाय. तिकडे मालवणी बोलतच नाहीत.

काम द्यायचंच असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी प्रत्येक शॉट कुठला, याची यादी लेखी घ्या. कच्चा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, वेश आणि होड्यांतल्या चुका लगेच दिसतात. मग नुसता आवाज ऐका. आवाज गावातल्याच माणसाचा घ्या, खोलीत गाद्या-गोधड्या लावून फोनवर केलेलं रेकॉर्डिंगही पुरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा हिरव्यागार पावसाळी व्हिडिओत 'आज सकाळची बोटीवरची ताजी सुरमई' लिहू देऊ नका.

आमचं मत: चित्रीकरण गावाजवळच्या माणसाकडून करून घ्या, चालवायला यांना द्या. फक्त जाहिरात खातं आपल्या नावावर उघडून त्यांना वापरायची परवानगी द्या. खातं त्यांच्या नावावर राहिलं, तर काम थांबवल्यावर कुठल्या भागातून किती चौकशी आली, हा सगळा हिशेबही त्यांच्याकडेच राहतो.