"गादी सरकलीये" म्हणून घाबरवलं आणि पॅकेज गळ्यात मारलं, लिफ्टिंग करणाऱ्यांनी नक्की वाचा

जिममध्ये कंबर धरली असेल आणि कोणी आजच्या आज उपचारांचं पॅकेज भरा म्हणून मागे लागलं असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. लांबलंय, पण वाचा. कारण ज्यांनी मला गंडवलं ती माणसं काही फार हुशार नव्हती, त्यांची पद्धत मात्र पक्की बसवलेली होती, आणि नंतर चारचौघांशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने हीच पद्धत बऱ्याच जणांवर वापरली गेलीये.

दुखापत थोडक्यात सांगते. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलायचा व्यायाम, शेवटचा सेट, त्यातली शेवटची उचल, बार गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत डावीकडे कट्कन झालं. बार टाकला आणि वाकलेली ती सरळच होईना. उसण याआधीही भरली होती पण ही वेगळीच होती, मोजे घालता येईनात, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. पण पायात मुंग्या नाहीत, पायातली ताकद गेलेली नाही, लघवीचा काही त्रास नाही. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

जिममधल्या एका दादाने एका स्पाइन सेंटरचा नंबर दिला, म्हणाला तिकडे ऑपरेशनशिवाय बरं करतात आणि पहिली तपासणी फुकट आहे. दादाचा काही दोष नाही, त्याने भल्यासाठीच सांगितलं. त्याला नंबर देणाऱ्या ट्रेनरला मात्र माणसामागे कमिशन मिळत होतं, ते नंतर कळलं.

आता ही फुकट तपासणी. सगळा खेळ इथेच आहे म्हणून नीट सांगते. पांढरा कोट घातलेला एक माणूस, सगळे त्याला सर म्हणतात, डिग्री काय ते ना भिंतीवर ना फाइलवर. त्याने मला पालथं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि फोटो काढून दाखवला, बघा मॅडम, एक पाय आखूड झालाय, मणका तिरका गेलाय. मग कंबरेवर दोन ठिकाणी दाब दिला, कडकड आवाज काढला, परत टाचा जुळवल्या, पाय सारखे! मी चाटच पडले. आता कळतंय की पालथं झोपल्यावर कंबर जराशी तिरकी असली किंवा धरणाऱ्याने एक टाच किंचित जास्त रेटली की पाय आखूड दिसतो, आणि खरोखरच काही मिलिमीटरचा फरक तर कितीतरी धडधाकट लोकांच्या पायांत असतो. आणि तो कडकड आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. 2015 मध्ये संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयखाली हे चक्क बघितलंय.

मग म्हणाला खाली वाका, बोटं कुठपर्यंत जातात बघू. गेली गुडघ्यापर्यंत. त्यांनी काहीतरी दाबलं, परत वाका, आता चार बोटं जास्त खाली. अहो दुसऱ्यांदा वाकल्यावर कोणीही जास्तच वाकतं! अंग मोकळं होतं आणि पहिल्यांदा काही मोडलं नाही म्हणून भीतीही कमी होते. घरी करून बघा, कोणी न दाबता.

सगळ्यात भारी प्रकार उंचीचा होता. मशीनवर झोपवायच्या आधी उंची मोजली, अर्ध्या तासाने परत मोजली आणि वाढलेली! म्हणे दबलेल्या गाद्या उघडल्या. हे खोटं नाही, पण त्यात मशीनचं कर्तृत्व शून्य. दिवसभर उभं राहून आणि बसून मणक्यांमधल्या गाद्यांमधलं पाणी थोडं कमी होतं आणि आडवं पडलं की परत भरतं, त्यामुळे सकाळी उठल्यावर प्रत्येक माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो. त्या मशीनऐवजी सतरंजीवर झोपवून मोजलं असतं तरी मी वाढलेच असते.

या मशीनबद्दल त्यांचा दावा काय, तर तंत्रज्ञान अंतराळवीरांवरच्या संशोधनातून आलंय. तिकडे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून मणका लांबतो आणि पाठ दुखत नाही म्हणे. मणका लांबतो हे खरंय, उंची 3 टक्क्यांपर्यंत वाढते. पण पाठ दुखत नाही? वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच अंतराळवीरांची पाठ त्यामुळेच दुखते, आणि परत आल्यावर गादी बाहेर येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळलंय. म्हणजे ज्या उदाहरणावर दुकान चाललंय ते उदाहरणच उलटं आहे. हे वाचलं तेव्हा मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं.

तर एवढं सगळं झाल्यावर एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये एल फोर-एल फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये, डिस्क बल्ज, म्हणजे गादी जराशी बाहेर फुगलेली. त्याभोवती लाल पेनाने गोल करून सर एकदम गंभीर झाले, म्हणाले गादी सरकलीये, नस दबायच्या बेतात आहे, आत्ता नाही केलं तर सहा महिन्यांत ऑपरेशन, आणि वजन तर आता आयुष्यात विसरा, परत बार उचललात तर व्हीलचेअर. दुखत असताना, धड बसताही येत नसताना हे ऐकलं की माणूस काय विचार करणार? लगेच शेजारच्या केबिनमध्ये काउन्सेलर मॅडम, गोड बोलणं, पाणी, आणि सिटिंगचं पॅकेज. ऑफर फक्त आज संध्याकाळपर्यंत, हप्ते करून देऊ, कागदपत्रं आम्हीच बघतो, तुम्ही फक्त इथे सही करा. टॅबवर सहीची चौकट तेवढी उघडी होती, अटींचं पान दाखवलंच नाही. मी मागितलं तर म्हणाल्या मेल येईल. मेल आला तो हप्ता मंजूर झाल्यावर.

त्या लाल गोलाबद्दल जरा सविस्तर सांगते. 2015 मध्येच एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा 3110 लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या लोकांत 30 टक्के, तिशीत 40 टक्के आणि पन्नाशीत 60 टक्के लोकांत डिस्क बल्ज होता. परत वाचा, काहीही दुखत नसलेल्या लोकांत! मी तिशीतली आहे, म्हणजे दुखापतीच्या आदल्या दिवशी स्कॅन काढला असता तरी बहुतेक तोच बल्ज दिसला असता आणि मी त्याच बल्जसकट सेट मारत होते. रिपोर्ट खोटा नव्हता, त्यावरून रचलेली गोष्ट खोटी होती. आणि गादी "सरकते" आणि कोणीतरी ती दाबून जागेवर बसवतं असं काही नसतंच. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, फुगते किंवा फाटून आतला गर बाहेर येतो, आणि तो बाहेर आलेला भागसुद्धा बऱ्याच लोकांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

सिटिंग सुरू झाल्या. पट्ट्याने बांधून मशीन हळूहळू ओढायचं, मग लाल लाइट, मग जेल लावून काहीतरी फिरवायचं. दर वेळी आल्याआल्या विचारायचे, दुखणं 10 पैकी किती? तो आकडा एका ग्राफवर चढवायचे. ग्राफ खाली येत गेला आणि मला दर वेळी दाखवत गेले, बघा मॅडम रिझल्ट. आणि खरंच बरं वाटत होतं हो! हीच तर मेख आहे. कंबरेची अशी नवी दुखापत, जिच्यात नस वगैरे दबलेली नाही, ती बहुतेकांची काही आठवड्यांत बरीचशी कमी होतेच, मशीन असो नसो. उतरत्या तापाच्या कपाळावर हात ठेवून मीच उतरवला म्हणण्यातला प्रकार. म्हणून तर दुखणं अगदी कडक असताना, पहिल्या आठवड्यातच, सही घ्यायची त्यांना एवढी घाई असते. महिना गेला की गिऱ्हाईक आपोआप बरं होतं मग विकणार काय?

मला शंका आली ती मध्ये त्यांचं मशीन बिघडलं तेव्हा. बरेच दिवस सिटिंग झालीच नाही, आणि त्या काळात मी फक्त चालत होते, गरम पाण्याची पिशवी घेत होते आणि घरचं काम करत होते. परत गेले तेव्हा आकडा आधीच्याच वेगाने खाली आलेला. मी म्हटलं मशीन तर बंद होतं. तर सर म्हणतात, आधीच्या सिटिंगचा परिणाम शरीरात चालू राहतो! आणि त्याच दिवशी काउन्सेलर मॅडमनी पुढचं पॅकेज काढलं, दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं नाही, आता मेंटेनन्स.

तिथून मी थेट सरकारी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात गेले. तिथल्या मॅडमनी एमआरआयला हात लावायच्या आधी मला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायावर कुठे बधिर आहे का ते तपासलं, आडवं झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला. यातलं एकही त्या सेंटरमध्ये कोणी केलं नव्हतं, एकही! मग विचारलं, लघवी अडते का किंवा नकळत होते का, संडासवरचा ताबा सुटलाय का, मांड्यांच्या मध्ये बसायच्या जागी बधिरपणा आहे का, पाऊल लुळं पडतं का, ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर वगैरे? यातलं लघवी, संडास किंवा बसायच्या जागेच्या बधिरपणाचं काही असेल तर पॅकेज नाही, फिजिओ नाही, त्याच क्षणी इमर्जन्सीला जायचं, त्यात तासांचा हिशेब असतो. तुमच्यात कोणाला असेल तर हे वाचणं इथेच सोडा आणि निघा.

माझ्यात यातलं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो ताई, पाठ काचेची नसते. झोपून राहू नका, आणि उचलणं सोडायचंही काही कारण नाही, फक्त खालून सुरू करा." मी व्हीलचेअरचं सांगितलं तर त्या हसल्या आणि स्वीडनमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं, तोही 2015 चाच, कंबरदुखीच्या रुग्णांच्या एका गटाला उपचार म्हणून चक्क डेडलिफ्ट करायला लावली होती आणि दुसऱ्या गटाला हालचालींवर कंट्रोल शिकवणारे हलके व्यायाम, दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. मला त्यांनी बर्ड डॉग (ओणवं होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं), साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग तोलणं), पाठीला काठी लावून फक्त कुल्ल्यातून वाकायची प्रॅक्टिस, मग रिकामा बार, मग ब्लॉकवर ठेवलेला बार, अशी चढती भाजणी दिली. नियम एवढाच की व्यायामाने थोडं दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवसापर्यंत परत मूळ पातळीवर यायला पाहिजे, नाही आलं तर एक पायरी खाली. कंटाळवाणं आहे, रोज करावं लागतं, पण यात विकण्यासारखं काही नाही म्हणून याची जाहिरात कोणी करत नाही.

खरं सांगायचं तर पैशांपेक्षा त्या व्हीलचेअरच्या वाक्याने माझं जास्त नुकसान केलं. दुखणं गेल्यावरही कितीतरी दिवस मी खाली पडलेला पेन उचलायला घाबरत होते, श्वास रोखून, पाठ लाकडासारखी ताठ धरून वाकायचे, आणि त्या ताठरपणानेच परत आखडायचे.

आता रिफंड. मी लेखी मागितला. सोबत कुठले उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची 2016 ची मार्गदर्शक सूचना जोडली, त्यात कंबरदुखीला ट्रॅक्शन, म्हणजे त्या मशीनसारखं ओढणं, देऊ नका, पट्टे देऊ नका, जेल लावून फिरवतात ते अल्ट्रासाउंड देऊ नका असं स्पष्ट आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची, जी जुनाट कंबरदुखीसाठी आहे आणि त्यातही ट्रॅक्शनची शिफारस नाही. मॅनेजर म्हणाला ते कागदावरचं झालं, आमचा अनुभव वेगळा आहे. मग अटींचं पान काढलं, तेच, जे सही करताना दाखवलं नव्हतं. त्यात लिहिलंय की मध्येच सोडलं तर झालेल्या सिटिंग सवलतीच्या दराने नाही, मूळ दराने मोजणार. आणि मूळ दर एवढा फुगवलेला की थोड्याच सिटिंगमध्ये सगळी रक्कम संपल्यात जमा. आणि हप्ते कर्ज देणाऱ्या वेगळ्याच कंपनीचे, सेंटरशी भांडण असलं तरी ते कापले जातच राहतात, थांबवले तर तुमचाच रेकॉर्ड खराब. म्हणून असल्या ठिकाणी कधीच हप्त्यांवर सही करू नका, द्यायचेच असतील तर एका सिटिंगचे द्या आणि पावती घ्या. माणूस एका सिटिंगचे घ्यायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

मी कर्ज कंपनीला लेखी कळवलं की अटी न दाखवता सही घेतली, मंजुरीच्या मेलची वेळ दाखवली, सहीची वेळ दाखवली. त्यानंतर सेंटरचा सूर एकदम बदलला आणि न झालेल्या सिटिंगचे थोडे पैसे परत आले, ते देताना "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागत होते ती मी केली नाही. उरलेल्या रकमेची ग्राहक तक्रार चालू आहे. त्यांचे मेसेज अजून येतात, परवाच आला, जुन्या पेशंटसाठी मेंटेनन्स पॅकेजवर खास सवलत, फक्त आज संध्याकाळपर्यंत. त्याचा स्क्रीनशॉट पण तक्रारीला जोडलाय.